हूटर बंद करायची परवानगी

त्या दिवशी कंट्रोल रूमच्या भिंतीवरचा स्क्रीन हिरवागार होता आणि माझा धाकटा भाऊ गेटजवळच्या कडुनिंबाखाली रिकाम्या पोत्यावर आडवा पडलेला होता.

भिलाईजवळ हथखोजच्या एका सळयांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते. भट्टीला लागणारा गॅस आम्ही कोळशापासून तिथेच तयार करतो. त्यासाठी मागच्या बाजूला एक उंच लोखंडी सांगाडा आहे. त्याच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर माणसं दिवसभर कोळसा सारखा करतात आणि झाकणांच्या भोकांतून लांब सळई खुपसून राख मोकळी करतात. झाकण उघडलं की थोडा गॅस बाहेर येतोच. त्यातला जो विषारी भाग आहे त्याला ना रंग, ना वास. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो. वेळेवर कोणी उतरवलं नाही, तर बसलेला माणूस उठत नाही. म्हणून वर सेन्सर बसवलेले आहेत. त्यांचे आकडे माझ्या डॅशबोर्डवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या त्या स्क्रीनवर, येतात आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की हूटर वाजतो. हूटर वाजला की सगळ्यांनी खाली यायचं. एवढं साधं आहे ते.

भाऊ त्या वरच्या प्लॅटफॉर्मवर सकाळपाळीचा मुख्य. सकाळपाळीत माझ्या डोक्यावर तो असतो, आणि त्याचा जीव माझ्या त्या आकड्यावर.

"दीदी, तोर भाई ला गैस लग गे हे!" एक लोडर दारात येऊन ओरडला तेव्हा मी चपला तिथेच टाकून पळाले. दोघांनी त्याला खांद्यावर घालून खाली आणलं होतं. चेहरा राखेच्या रंगाचा. त्याला ओकारी झाली, मग डोळे उघडले आणि म्हणाला, "पाणी दे ना, ताई." दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत उठून बसला. जीव वाचला, म्हणून मला रागवायला सवड मिळाली. नाहीतर सगळं रडण्यातच गेलं असतं.

त्याला दवाखान्यात न्यायच्या आधी प्रॉडक्शन मॅनेजर झाडाखाली आले होते, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. भाऊ कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मैडम, आपका सिस्टम बजा क्यों नहीं?"

खरंच, का वाजला नाही? दवाखान्यातून परतल्यावर मी आत जाऊन बघितलं. सेन्सर ठीक होता. गॅसचा आलेख सकाळपासून चढत गेलेला स्पष्ट दिसत होता. फक्त मर्यादेची लाल रेघ, जी मी बसवली होती, ती तिच्या जागी नव्हती. कोणीतरी ती उचलून पार वर नेऊन ठेवली होती. आलेख चढत राहिला, रेघेला पोचलाच नाही, आणि स्क्रीन शहाण्या मुलासारखा हिरवा राहिला.

कोणी नेली? नोंद म्हणत होती, अॅडमिन. आणि आमच्याकडे अॅडमिन म्हणजे सगळेच. एकच लॉगिन, आणि त्याचा पासवर्ड मार्करनं लिहून मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेला. चहा घेऊन येणाऱ्यालासुद्धा तो पाठ असेल. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या म्हणून मी नोकरीला लागल्यापासून डोकं फोडत होते. उत्तर ठरलेलं: "घर का मामला है मैडम, इतना कौन देखता है."

मीटिंग झाली. मर्यादा कोणी वाढवली असं मी विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मॅनेजर म्हणाले, "किसी ने कर दिया होगा." हा किसी, हा कोणीतरी, प्रत्येक कारखान्यातला सर्वात जुना कर्मचारी आहे. त्याची कधी रजा पडत नाही, त्याला कधी मेमो मिळत नाही, त्याचा फोटो कुठल्याही आयकार्डवर नाही. व्हॉल्व्ह उघडा तोच ठेवतो, मशीनवरची संरक्षक जाळी काढून तोच ठेवतो, आणि माणूस पडला की सर्वात आधी बेपत्ता तोच होतो. मला त्या कोणीतरीचा इतका संताप आला होता की समोर दिसता तर मी त्याच्या कानशिलात दोन दिल्या असत्या. आणि तो समोरच बसून बिस्किट खात होता, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

रेघ वर का नेली, हे सगळ्यांना माहीत होतं. हूटर वारंवार वाजायचा. वाजला की माणसं खाली यायची, भट्टी मंदावायची, सळयांची लाइन अडायची. झाकणं जुनी झाली होती, नीट बसत नव्हती, ती बदलायला हवी होती. पण झाकणं बदलायला प्लांट बंद करावा लागतो आणि आकडा बदलायला माऊसचं एक बटण पुरतं. भिलाईत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. सेक्टर 10 मध्ये आमचं लहानपण गेलं. कोणी मोठा साहेब येणार म्हटलं की रस्त्याच्या कडांना चुना, झाडांच्या खोडांना गेरू. आमच्या बागेतला एक तुटका झोकासुद्धा असाच एकदा रंगवला होता. दुरुस्त केला नाही, रंगवला. त्या रंगवलेल्या झोक्यावर बसून पडलेली पोरं आम्ही.

मी रेघ परत खाली आणली. भाऊ आठवडाभरानं कामावर गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी स्क्रीन बघते तर रेघ पुन्हा वर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला खांद्यावर टाकून उतरवलं, तो त्याच जागी पुन्हा उभा आहे, आणि कोणीतरी पुन्हा त्याच्या डोक्यावरचा हूटर मुका केला आहे!

रेघ मी पुन्हा खाली ओढली आणि ठरवलं की डॅशबोर्ड रिपॉझिटरीला जोडायचा. रिपॉझिटरी म्हणजे आम्ही कोड लिहिणारे लोक आपलं काम जिथे ठेवतो ती जागा. तिथे काहीही बदललं तरी कोणी बदललं, कधी, कशासाठी, हे त्या बदलाला चिकटून राहतं, आणि आधीचं काय होतं तेही. डॅशबोर्डवरची प्रत्येक रेघ, प्रत्येक मर्यादा शेवटी एक फाइलच असते. ती फाइल रिपॉझिटरीत ठेवायची आणि डॅशबोर्डला सांगायचं की यापुढे तू फक्त तिथूनच वाचायचं; स्क्रीनवर कोणी कितीही टिचक्या मारल्या तरी ऐकायचं नाही. बदल हवा असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं मागायचा, कारण लिहायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला हो म्हणायचं. मगच रेघ हलेल.

लिहायला दोन वाक्यं लागली, करायला जीव गेला. डॅशबोर्डला रिपॉझिटरीची किल्ली द्यावी लागते. ती दिली तर म्हणे परवानगी अपुरी. परवानगी वाढवली तर कारखान्याचं इंटरनेट ती वाटच बंद करून बसलेलं. नेटवर्कवाल्या ठेकेदाराला फोन केला तर "शाम तक हो जाएगा", आणि ती शाम काही उगवेना. शेवटी त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि तो उठेपर्यंत उठले नाही. सगळं जुळलं, तर डॅशबोर्ड मला नम्रपणे विचारतो, आत्ता स्क्रीनवर जे आहे तेच मूळ धरून रिपॉझिटरीत नेऊ का? म्हणजे तोवर कोणीतरी पुन्हा वर चढवलेली रेघच खरी म्हणून, आणि माझ्या नावानं! नाही म्हटलं, थांब. आधी रेघ खाली आणली, मग नेलं.

हो म्हणणारा दुसरा माणूस कोण, हा खरा प्रश्न होता. मॅनेजरची मागणी आणि मॅनेजरच्याच हाताखालच्या इंजिनियरचा होकार, असं झालं असतं तर सगळी मेहनत पाण्यात. मी बाबांकडून शिकलेली रीत आणली. बाबा भिलाईच्या मोठ्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले. तिथे कुठल्याही मशीनच्या आत माणूस उतरणार असेल तर आधी तो त्या मशीनच्या स्विचवर आपल्या नावाचा टॅग लटकवतो. तो टॅग फक्त त्यानंच काढायचा. फोरमन असो की जनरल मॅनेजर, दुसऱ्याच्या टॅगला कोणी हात लावत नाही. जो आत आहे त्याचा शब्द शेवटचा. बाबा विदर्भातून आलेल्या बापाचा पोरगा, आयुष्यात बऱ्याच ठिकाणी त्यांना शब्द नव्हता, पण त्या स्विचवर होता, आणि हे ते आजही मान वर करून सांगतात. मी तसंच केलं. गॅसची मर्यादा वाढवायची असेल तर वर प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असलेल्या मुख्याचा होकार लागेल, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या नावानं. माझा चालणार नाही, मॅनेजरचा चालणार नाही, कारखान्याचे मालक शेठजी, त्यांचासुद्धा नाही.

शेठजी खूश झाले. माल घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस यायचे होते, त्यांना दाखवायला चांगलं. पाहुण्यांपुढे म्हणाले, "हमारे यहाँ बिना रेकॉर्ड के पत्ता नहीं हिलता." मी मागे उभी होते. हसू आलं नाही.

मॅनेजरना कळलं ते स्क्रीनवर रेघ हलेना तेव्हा. "ये क्या ताला मार दिया मैडम?"

"ताला नहीं है सर. जो करना है, नाम से करना है."

त्यांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "ठीक है. नाम से करेंगे." त्यांचं ते शांत बोलणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एका संध्याकाळी मी रिपॉझिटरी उघडली आणि रेघ पुन्हा वर गेलेली. या वेळी कोणीतरी नव्हता. सगळं नियमाप्रमाणे. मागणी मॅनेजरची, कारण लिहिलेलं: "हूटर से काम रुकता है." आणि खाली होकार. माझ्या भावाचा. त्यानंही नियमाप्रमाणे शेरा टाकला होता: "ठीक है."

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. काही बोलायच्या आतच त्यांनी दोन्ही हात पसरले. "अब तो सब रेकॉर्ड में है मैडम. आपने ही बनाया. और नाम तो आपके भाई का है."

इतकी चीड मला आयुष्यात कोणाची आली नाही. ज्याला विष चढलं, त्याच्याच नावानं विषाला परवानगी, आणि तीही माझ्या हातानं बांधलेल्या दारातून! उद्या तो वर पडला असता तर हीच नोंद काढून दाखवली असती की बघा, हा स्वतःच हो म्हणाला होता. कोणीतरीला पकडायला मी जाळं लावलं आणि त्यात घरचाच माणूस अडकवून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

घरी वैशाली नगरला भाऊ जेवायला बसला होता. आम्ही बाहेर हिंदीत बोलतो, भांडण मात्र घरच्या भाषेतच होतं.

"तू हो कावून म्हटलं?" मी ताटासमोरच उभी राहिले. "तुले मराचा शौक आहे का?"

तो जेवतच राहिला. मग म्हणाला, "साहेब बाजूले उभे होते, ताई. माह्या खांद्यावर हात ठेवून. म्हणे, दबा दे बेटा, तेरी बहन का बनाया है, बस एक बटन है. मोबाइल माह्या हातात होता, पण अंगठा त्याचाच समज."

"मंग नाही म्हणाचं होतं!"

आता त्यानं ताट बाजूला सरकवलं. "कोणाले? ज्याच्या हातात माही शिफ्ट आहे, माही सुट्टी आहे, त्याले? तू एवढी शिकली, तू ऑफिसात बसते, साहेब तुले मैडम म्हणते. साहेबाले नाही म्हणाचं काम तुहं होतं. ते तू माह्या खिशात टाकून दिलं आणि म्हणून राहिली, आता तू सांभाळ."

मला आणखीच राग आला. त्याचं म्हणणं चूक असतं तर मी त्याला सोलून काढला असता. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "आमच्या टॅगाले फोरमन हात लावत नव्हता, कावून का शॉपमधली सगळी माणसं पाहून राहायची. हा बिचारा एकटा होता."

मी तिथेच मोबाइल काढला, रेघ खाली आणायची मागणी माझ्या नावानं टाकली. कारण लिहिलं: "माणसं वर आहेत." खाली आणायला कुठल्याही पाळीच्या मुख्याचा होकार चालत होता; भावाच्या मोबाइलवर घंटी वाजली. त्यानं माझ्याकडे न बघता हो दाबलं आणि हात धुवायला उठला. दोन दिवस आमच्या दोघांत भाजीची वाटी सरकवण्यापुरतंच सगळं चाललं होतं.

बाबांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. मी नियमात आणखी एक गोष्ट घातली. गॅसच्या मर्यादेची मागणी आली की ती त्या पाळीला वर असलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर दिसेल. होकार मुख्याचाच, पण बघणारे सगळे. यासाठी मी कोणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मीटिंग झाली असती, आणि मीटिंगमध्ये काय होतं ते मला माहीत होतं.

त्यानंतरच्या सोमवारी भर दुपारी हूटर वाजला. झाकणं तीच होती, गॅस तोच होता, नवल काहीच नव्हतं. वरची माणसं जिन्यानं खाली उतरू लागली. माझा भाऊ सर्वांत शेवटी, सगळे उतरल्याची खात्री करून. ते गेटजवळ मोकळ्या हवेत येऊन उभे राहिले. भट्टी मंदावली, लाइन अडली. आणि मॅनेजर शेडमधून तणतणत बाहेर आले.

आधी ते माझ्याकडे आले. "मैडम, बंद कीजिए इसको."

"मुझसे नहीं होगा सर." हे मी अडून म्हटलं नव्हतं. दाराची किल्ली मी स्वतःकडेही ठेवली नव्हती, आणि त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर मागणी टाकली. गेटजवळ एकामागोमाग एक मोबाइल वाजले. माणसांनी खिशातून काढून बघितले, मग एकमेकांकडे बघितलं. मॅनेजर थेट भावाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात असणार, ज्याच्याबद्दल तो जेवताना बोलला होता. हूटर इतक्या जोरात वाजत होता की त्यांना ओरडावं लागत होतं.

"दबा दे बेटा! देख, लाइन खड़ी है!"

भावानं मोबाइल वर उचलला. मला वाटलं, आता दाबणार. मी पुढे व्हायला निघाले होते, मध्ये पडणार होते, काय वाटेल ते बोलणार होते. लोडरांपैकी एक जण भावाच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग दुसरा. नुसते येऊन उभे राहिले, मोबाइल हातात धरून.

मग माझ्या भावानं खांद्यावरचा तो हात हळूच खाली केला. उद्धटपणे नाही. वडीलधाऱ्या माणसाचा हात बाजूला करावा तसा. आणि तितक्याच मोठ्यानं, पण अगदी अदबीनं, म्हणाला, "दबा दूँगा साहब. आप ऊपर जाके खड़े हो जाइए. वहीं से आवाज दीजिए, मैं दबा दूँगा."

मॅनेजरनी वर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. लोखंडी जिना रिकामा होता, प्लॅटफॉर्मवर उन्हात सळया पडलेल्या होत्या. त्यांच्या हातातला मोबाइल अजून उजळलेला होता, मागणी तशीच थांबलेली, खाली त्यांचं नाव. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ते फार लांब नव्हते.

ते गेले नाहीत. हूटर वाजत राहिला.